दादाची सात खणांची डबी

माझ्या भावाला वस्तू वेगळ्या करण्याचं वेड आहे असं कुणी म्हटलं की मला राग येतो. वेड कसलं? तो त्याच्या पोटापाण्याचा धंदा आहे. टपाल कचेरीत आतल्या बाजूला, जिथे लोक जात नाहीत, तिथे भिंतभर खणांचं एक कपाट आहे. त्याच्यासमोर उभं राहून दादा वर्षानुवर्षं पत्रं त्या त्या खणात टाकतो. पत्ता वाचायचा, हात उचलायचा, खण शोधायचा. असा हात घरी आला म्हणून थोडाच थांबतो? आमच्याकडे मोठी बटणं एका बरणीत असतात, लहान दुसरीत. जुन्या किल्ल्या उंचीप्रमाणे टांगलेल्या आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांची कुलपं केव्हाच भंगारात गेली. मी त्याला एकदा विचारलं, "दादा, मी मेल्यावर मला कुठल्या खणात टाकशील?" तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "अपुरा पत्ता."

चुकलं नव्हतं त्याचं. नवऱ्याशी पटेना तेव्हा मी एक बॅग घेऊन परत आले, आणि दादाने एक शब्द न विचारता कपाटाचे दोन कप्पे मला रिकामे करून दिले. त्याने स्वतः लग्न केलंच नाही. आता मी दुपारनंतर दातांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या टेबलाशी बसते. लोकांना वेळा देते आणि "काही दुखत नाही हो" असं बिनदिक्कत खोटं सांगते. दादाची पाळी पहाटेची. तो घरी येतो तेव्हा मी चपला पायात सरकवत असते. दारात आमची गाठ पडते, आबांनी काय खाल्लं, काय नाही हे मी सांगते, आणि आबांचा ताबा माझ्याकडून त्याच्याकडे जातो.

आबा म्हणजे आमचे वडील. बसवर कंडक्टर होते. त्यांचा आवाज असा होता की शेवटच्या बाकावर पेंगणारा माणूसही आपलं उतरायचं ठिकाण आलं म्हणून दचकून उठायचा. गाडीत ड्रायव्हरच्या डोक्याशी एक घंटी आणि तिची दोरी आबांच्या हाताशी. दोरी एकदा ओढली की गाडी थांबायची, दोनदा ओढली की सुटायची. सिंगल आणि डबल. ही भाषा ते घरीही घेऊन आले होते. आम्ही शाळेला निघालो की आबा दाराची कडी दोनदा वाजवायचे. ती डबल मिळाल्याशिवाय दादा उंबऱ्याबाहेर पाय टाकत नसे. एकदा आबा अंघोळीला गेलेले, तर हा शहाणा पाठीला दप्तर लावून दारात उभाच राहिला. पहिला तास बुडाला, बाईंनी बाहेर उभं केलं, आणि घरी येऊन आईला सांगतो, "गाडी सुटलीच नव्हती."

दोन वर्षांपूर्वी आबांना लकवा झाला आणि उजवी बाजू गेली. उजवा हात कोपरात वळून पोटाशी चिकटला तो तिथेच राहिला. ती मूठ इतकी घट्ट मिटते की रोज सकाळी कोमट पाण्यात धरून एकेक बोट सोडवावं लागतं, नाहीतर तळव्याला नखं रुततात. डावा हात हलतो, पण बोटांत जोर नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. बोलणं सगळं गेलं. एवढ्या मोठ्या आवाजातून एकच शब्द तेवढा मागे राहिला, "चला." पाणी हवं असलं तरी चला, दिवा डोळ्यावर येत असला तरी चला, आणि आमच्या हातून भात अंगावर सांडला तर तोच शब्द असा काही म्हणतात की शिवी परवडली.

तेव्हापासून दादा आबांच्या खोलीत घडीच्या खाटेवर झोपतो. झोपतो म्हणायचं आपलं. आबांना हाक मारता येत नाही, म्हणून त्यांनी कूस बदलल्याच्या नुसत्या आवाजानेही तो उठून बसतो. उशी सरळ कर, पाय हलव, तोंड पूस, पुन्हा आडवा हो. मी म्हटलं, मी झोपते तिथे, तर म्हणाला, "तुला उचलायला जमणार नाही." जमलं नसतंच. पण दिवसागणिक माझ्या भावाचा चेहरा धुऊन धुऊन विटलेल्या सदऱ्यासारखा होत चालला होता, आणि ते बघत बसणं मला त्याहून जमत नव्हतं.

एके दिवशी तो घरी आला आणि चपला न काढता खुर्चीवर बसला. म्हणाला, "ठकू, आज एक अख्खा गठ्ठा भलत्याच खणात गेला." ठकू म्हणजे मी. साहेब ओरडले का, असं मी विचारलं. ओरडले नव्हते, उलट घरी सगळं ठीक आहे ना म्हणून त्यांनी प्रेमाने विचारपूस केली होती, आणि तेच त्याला लागलं होतं. एवढ्या वर्षांत दादाच्या हातून पत्र चुकलं नव्हतं. माणसाकडे अभिमान बाळगायला फार काही नसलं की असल्या एका गोष्टीवर सगळा भार असतो. आबांना तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्याच आठवड्यात दादाचा रक्तदाब बघितला आणि मलाच झापलं. "या घरात दुसरा पेशंट तयार होतोय, दिसतंय ना? या माणसाला झोप मिळालीच पाहिजे. वेगळ्या खोलीत."

म्हणून आम्ही बेल आणली. साधीच, वायरच्या टोकाला बटण असलेली, आजारी माणसांच्या उशाशी ठेवतात तसली. दादा त्या दिवशी भलताच खुशीत होता. शेजारच्या काकू बघायला आल्या होत्या. त्यांना तो आबांच्या पलंगाशीच उभा राहून म्हणाला, "ही एकदा लागली ना काकू, की मी आपल्या खोलीत झोपायला मोकळा." मग त्याने आबांच्या डाव्या हातात बटण दिलं, अंगठा नीट वर ठेवला आणि म्हणाला, "दाबा." अंगठा तसाच राहिला. थोड्या वेळाने घसरला. आम्ही पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. चार-पाच दिवस आमचा हा खेळ चालला होता. आबा छताकडे बघत राहायचे. शेवटी आम्ही हात टेकले. बोटांत जोरच नाही, त्यांना तरी काय म्हणायचं? ती बेल आम्ही काकूंना देऊन टाकली, आता त्यांच्या दाराला आहे.

दादाने मात्र पिच्छा सोडला नाही. कचेरीच्या मागच्या गल्लीत एक रेडिओ दुरुस्त करणारा बसतो. त्याने दादाला सांगितलं, दाबायला लागतच नाही अशी बेल असते. पत्र्याच्या चकतीला नुसतं बोट लागलं की वाजते. फक्त ती तयार मिळत नाही, किट मिळतं. सुटे भाग घ्यायचे आणि आपले आपण जोडायचे. दादाने आयुष्यात कधी वायरही जोडलेली नव्हती. पण सुटे भाग म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले असणार, एवढं मी पैजेवर सांगते.

किट म्हणजे एक प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात हिरवी पट्टी, पितळेची चकती, एक बझर आणि बाकी चिमूटभर बारीकसारीक कचरा. मला तरी तो कचराच दिसला. दादाने ताटलीत ओतून मला एकेकाची ओळख करून दिली. अंगावर रंगीत पट्टे ओढलेले बारीक दाणे म्हणजे रेझिस्टर. नळीच्या आकाराचे आणि एक गोळीसारखा चपटा, दोन तारांच्या पायांवर उभे, ते कपॅसिटर. झुरळासारखी काळी, आठ पायांची, ती आयसी. "जोड की मग," मी म्हटलं. तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी पत्ता न वाचताच पत्र खणात टाकायला सांगितलं. "आधी लावून घ्यायचं, ठकू. सगळं आपापल्या जागी असलं म्हणजे जोडताना हात चुकत नाही. एक उलटा बसला तरी सगळं मुसळ केरात."

लावायला त्याने काय घेतलं असेल? आबांची गोळ्यांची जुनी डबी. सात वारांचे सात खण, प्रत्येकाला छोटं झाकण. त्यातलं एक झाकण तुटलं म्हणून आम्ही अगदी तशीच नवी आणली होती, आणि जुनी टाकून देणं दादाच्या रक्तात नाही. झालं, सोमवारात लाल पट्ट्यांचे रेझिस्टर, मंगळवारात तपकिरी, बुधवारात नळ्या. चपट्या कपॅसिटरचा वार गुरुवार. तो चपटा किटमध्ये एकच होता, नारिंगी रंगाचा. मी म्हटलं, "याला बरा एकट्याला अख्खा वार मिळाला, मला अजून रविवारही मिळत नाही."

हे काम तो संध्याकाळी आबांच्या पलंगाला लागून बसून करायचा. आबांचं जेवणाचं चाकांचं टेबल मध्ये ओढायचं, त्यावर पांढरा रुमाल, रुमालावर डबी, हातात माझा भुवया कोरायचा चिमटा. एकेक भाग उचलून आबांना दाखवायचा. "हा बघा आबा, हा वीज थोडी अडवतो. गर्दीत तुम्ही माणसं अडवायचात ना, तसा." आबा टक लावून बघत. त्या दोघांना तसं बसलेलं बघून सुरुवातीला मला बरं वाटायचं. दादा इतकं कधी कुणाशी बोलल्याचं मला आठवत नाही.

पण लावणं काही संपेना. एक आठवडा झाला, दुसरा झाला. रोज संध्याकाळी डबी उघडली की काहीतरी हललेलं. लाल पट्ट्यांचा एक कमी आणि तो तपकिरीत सापडायचा. कधी डायोड नावाचा काचेचा मणी चादरीच्या घडीत. कधी नळी उशीखाली. दादा पुन्हा सगळं रुमालावर ओतायचा आणि पहिल्यापासून लावायचा. मला चीड आली. दुपारपासून लोकांच्या किडक्या दाढांची गाऱ्हाणी ऐकून मी घरी यायची आणि हा आपला तिथेच, चिमट्यात एक दाणा धरून दिव्याकडे बघत बसलेला. एकदा मी भडकलेच. "दादा, बेल जोडायची आहे, आगगाडी नाही! लावतोस काय, लावतोस काय नुसतं! तुला जोडायचंच नाहीये का?"

त्याने हाताने मला बाहेर ये म्हणून खुणावलं आणि स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "ठकू, काल मी ती काळी आयसी शुक्रवारात ठेवली होती. मला नक्की आठवतंय. आज ती मंगळवारात आहे. मीच ठेवत असणार ना? दुसरं कोण? मी ठेवतो आणि मला कळत नाही. कचेरीतही तसंच होत असेल. मला आता माझ्या हाताची भीती वाटते."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला. तो त्याने घेतला आणि तसाच गार केला.

आणि मग तो गुरुवार आला. मी कामावरून घरी पोचले तर दादा आबांच्या खोलीत जमिनीवर, हातात टॉर्च, गालाला धूळ. टेबलावर दोन्ही डब्या शेजारी शेजारी, उघड्या. मी विचारलं, काय पडलं? त्याने वर बघितलं. असा चेहरा मी त्याचा आई गेली तेव्हा पाहिला होता.

"तो चपटा नाहीये," तो म्हणाला. "नारिंगी. सगळीकडे बघितलं."

"मग दुसरा आण. रेडिओवाला देईल."

"ठकू, आबांची संध्याकाळची गोळी पण नारिंगीच असते." त्याने दोन्ही डब्यांकडे बोट केलं. नव्या डबीतला गुरुवार रिकामा होता. जुन्या डबीतलाही. "लावता लावता माझा डोळा लागला. मग दचकून उठलो, उशीर झाला म्हणून घाईघाईत गोळी दिली. दिली एवढं आठवतंय. कुठल्या डबीतून दिली ते नाही आठवत. एक दिली की दोन, तेही नाही. मी त्यांना काय भरवलं, मला आठवत नाही."

मी म्हटलं, दादा, त्याला तारांचे पाय आहेत, घशातून गेला तरी असता का? आबांनी थुंकून टाकला असता. असं मी म्हटलं खरं, पण आबा हल्ली काय गिळतात आणि काय गालात धरून ठेवतात याची मला तरी कुठे खात्री होती? आबांकडे बघितलं तर ते आमच्याकडेच बघत होते. "चला," म्हणाले. त्या 'चला'चा अर्थ लागायला हवा होता मला, पण तेव्हा नाही लागला.

आम्ही गाडी बोलावली. काकूंच्या मुलाने आबांना उचलायला हात दिला. दवाखान्यात एक्स-रेची रांग होती आणि रांगेत कण्हणारी माणसं. दादा आबांच्या चाकाच्या खुर्चीमागे दोन्ही मुठी आवळून उभा होता, मला बस म्हणाला पण स्वतः बसला नाही. एकदाच खाली वाकून आबांना म्हणाला, "आबा, दुखतंय का कुठे? सांगा ना." जसं काही ते सांगू शकणार होते. मग मला म्हणाला, "यांना काही झालं तर मी कुठल्या तोंडाने जगू?" मी त्याला गप्प बस म्हटलं. आजूबाजूचे बघत होते, आणि मला रडायचं नव्हतं.

एक्स-रे काढणारी बाई कामाला वाघ होती. आबांना टेबलावर आडवं केलं, उजवा हात पोटावरून हलवायला गेली. दादा म्हणाला, तो हलत नाही. "राहू दे मग, हाताआडून दिसेल तेवढं बघू," ती म्हणाली आणि आम्हाला दाराबाहेर घालवलं. बाहेर आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो. समोर हाडांचं मोठं चित्र लावलेलं होतं. मी त्यातल्या बरगड्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, दोन्ही वेळा वेगळ्या आल्या.

मग दार उघडलं. "आत या जरा दोघं," ती म्हणाली. तिच्या आवाजावरून काही कळेना. पडद्यावर आबांचं पोट होतं, धुरकट आणि रिकामं. आणि त्या पोटावर आडवा, आबांचा हात. बोटांची सगळी हाडं आत वळलेली, एकावर एक. त्या हाडांच्या मधोमध एक ठळक पांढरा ठिपका आणि त्याला खाली दोन बारीक सरळ रेघा.

"पोट स्वच्छ आहे," बाई म्हणाली. "पण बाबांच्या मुठीत काय आहे?"

दादाने पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बघितलं. ठिपका आणि त्याचे दोन पाय. मग तो तिथल्या स्टुलावर मटकन बसला आणि हसायला लागला. मलाही हसू फुटलं, आणि माझा जीव भांड्यात पडला. पण दादाचं हसू मध्येच कुठेतरी वळलं आणि त्याचे खांदे हलत राहिले. बाई पाणी आणायला गेली. "मी चुकत नव्हतो," तो म्हणाला. "ठकू, मी चुकत नव्हतो."

मला ते कळायला घरी पोचेपर्यंतचा रस्ता लागला. उजव्या मुठीत काही आपोआप शिरत नाही. डाव्या हाताने ते डबीतून उचलायला हवं, तेही झोपलेल्या मुलाच्या नाकाखालून, आणि मिटलेल्या बोटांत सरकवायला हवं. म्हणजे डाव्या बोटांत जोर होता. बारीक दाणा उचलण्याइतका, या खणातून त्या खणात टाकण्याइतका, रोज संध्याकाळी मुलाने लावलेलं रोज थोडंसं विसकटण्याइतका. आणि ज्या बोटांना एवढं जमतं, त्यांना बेलचं बटण कधीचंच दाबता आलं असतं. आबांनी ते दाबलं नाही. मोकळा होणार म्हणाला होता ना दादा, त्यांच्यादेखत, काकूंना.

घरी आल्यावर दादाने नेहमीसारखं कोमट पाणी आणलं, आबांचा हात त्यात धरला आणि एकेक बोट सोडवलं. नारिंगी चपटा पाण्यात तरंगला नाही, तळाशी जाऊन बसला. त्याच्या पायांनी तळव्यावर लाल खुणा उठवल्या होत्या. मला राहवलं नाही. "आबा, अहो, याला वेड लागायची पाळी आली होती! आपण म्हातारे झालो, आपला मेंदू गेला असं वाटायला लागलं होतं त्याला! एकटं राहायची भीती वाटते तर तसं..." आणि मी थांबले. तसं काय? तसं सांगायचं? कुठल्या तोंडाने?

आबांनी मान भिंतीकडे वळवली होती. डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं. "चला," ते भिंतीला म्हणाले. इतक्या हळू की ते आमचे आबा वाटेचनात.

दादा पलंगाच्या कडेवर बसला. ओरडेल असं मला वाटलं. ओरडायला हवं होतं, निदान एकदा. पण त्याच्यात तेवढी ताकदच उरली नव्हती. तो आबांचा ओला तळवा रुमालाने पुसत म्हणाला, "मी कुठे जात नाही हो आबा. संध्याकाळी बसेन की रोज असाच. किट नसलं तरी बसेन, बटणांची बरणी घेऊन बसू. पण मला झोप पाहिजे. मी फार थकलोय. मला फक्त झोप पाहिजे." लहान मुलाने बापाकडे काही मागावं तसं त्याने मागितलं. सगळ्या आयुष्यात त्याने मागितलेली ही बहुतेक पहिली गोष्ट असावी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले तर खोलीत जळकट वास आणि धूर. दादाने रेडिओवाल्याकडून तारांना डाग द्यायची तापती कांडी मागून आणली होती. टेबल मध्ये ओढलेलं, रुमाल, हिरवी पट्टी. पण चिमटा बाजूला पडला होता, आणि डबी सरकवली होती आबांच्या डाव्या हाताशी. दादा कागद बघून सांगत होता, "सोमवारातला एक द्या." आबांची बोटं थरथरत खणाशी जात, घुटमळत, एक दाणा धरत, कधी तो निसटे, पुन्हा धरत. तिकीट फाडून प्रवाशाच्या हातात ठेवावं तसं आबा तो दादाच्या तळव्यावर ठेवत. मग दादा पट्टीच्या भोकांत त्याचे पाय घालून डाग देई. फार वेळ लागत होता. मी जेवण गरम केलं, ते गार झालं, पुन्हा गरम केलं. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. सगळ्यात शेवटी गुरुवारचा नंबर आला. आबांनी तो नारिंगी चपटा उचलला, क्षणभर धरून ठेवला, आणि दिला.

बेल पहिल्या खेपेला वाजली नाही. दादाने एक तार उलटी केली आणि वाजली. आवाज म्हणाल तर सर्दी झालेल्या डासाचा, पण घरभर ऐकू येणारा. पितळेच्या चकतीला बोट लागलं की बेल आपली ठरावीक वेळ वाजत राहायची, बोट काढलं तरी, आणि मग आपणहून बंद व्हायची. दादाने चकती आबांच्या डाव्या हाताशेजारी गादीला चिकटपट्टीने चिकटवली. बझर स्वतःच्या खोलीच्या दारावर लावला. आबांच्या आणि त्याच्या खोलीत फक्त एक बोळ आहे. पण ती लांबी मला त्या दिवशी कळली.

जेवणं झाली. आबांना कुशीवर वळवून झालं, पांघरूण झालं. दादाने घडीची खाट मिटून भिंतीला लावली. मग आपली उशी काखेत मारून उगाच पांघरुणाचं टोक सरळ केलं, पाण्याचा पेला एक इंच सरकवला. मी बोळात उभी राहून बघत होते. "काही लागलं तर वाजवा," तो म्हणाला आणि दारापर्यंत गेला. उंबऱ्यावर थांबला. आबांचे डोळे उघडे होते.

दादाने पाय उचलला, आणि बेल वाजली.

एकदा. सिंगल. म्हणजे थांब. दादाचा पाय हवेतच राहिला. मला त्या क्षणी आबांचा इतका संताप आला की काय सांगू. दादाला मात्र नाही आला. त्याने फक्त मान खाली घातली, मागे वळला, भिंतीशी गेला आणि खाटेची घडी उलगडायला लागला. बझर आपला वाजतच होता.

मग बझर थांबला. आबांनी मान उचलायचा प्रयत्न केला, कपाळावर आठ्या, नेहमीच्या रागावलेल्या. मुलगा कळून न कळल्यासारखं करतोय असा तो राग. डावा हात पुन्हा चकतीवर गेला.

बेल दुसऱ्यांदा वाजली.

"चला," आबा म्हणाले.

दादा खाट अर्धी उघडलेली तशीच धरून उभा राहिला. मग त्याने ती पुन्हा मिटली, उशी उचलली, आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला.